प्रतिपिंडे तयार होईपर्यंत फुप्फुसांचे रक्षण कोण करते? (सूतगिरणीच्या धुळीविषयी एक जोडप्रश्नही)

प्रश्न : पूर्वभाग_जीवशास्त्र

नमस्कार. मी सोलापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. बारावीला प्रतिकारशक्तीचे प्रकरण घेताना त्वचा, श्लेष्मा, ताप आणि भक्षक पेशी हा जन्मजात प्रतिकारशक्तीचा भाग आम्ही एका तासिकेत उरकतो, आणि उरलेला सगळा वेळ प्रतिपिंडे, बी-पेशी व टी-पेशी यांना जातो. परवा एका विद्यार्थिनीने विचारले की, नव्या जीवाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार व्हायला पाच-सात दिवस लागतात असे तुम्ही सांगता, आणि अनुकूल परिस्थितीत जीवाणू अर्ध्या तासाच्या आसपास दुप्पट होतात असेही सांगता. मग न्यूमोनिया झालेला प्रत्येक माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच दगावायला हवा, तसे का होत नाही? तिला मी ‘भक्षक पेशी असतात ना’ एवढेच उत्तर दिले. ते पुरेसे नाही हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

त्यानंतर टोल-सदृश ग्राहींविषयी थोडे वाचले. पेशीच्या पृष्ठभागावर किंवा आत असलेले हे ग्राही रेणू जीवाणूला ओळखतात एवढे समजले. परंतु जो जीवाणू त्या शरीरात पूर्वी कधीच आलेला नाही, त्याला एखादा ग्राही कसा ओळखू शकतो? आणि ओळखत असेल, तर श्वासाबरोबर रोज आत जाणाऱ्या जीवाणूंमुळे आपल्याला रोजच ताप का येत नाही?

जोडप्रश्न असा. माझ्या वर्गातील बरीच मुले यंत्रमाग कामगारांच्या घरातील आहेत. त्यांपैकी एकाचे आजोबा पूर्वी सूतगिरणीत कार्डिंगला (रुई विंचरण्याच्या खात्यात) होते. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला त्यांची छाती आवळल्यासारखी होई, संध्याकाळी अंगात कसर भरे, आणि आठवड्याच्या मध्यापर्यंत ते आपोआप कमी होई, असे ते सांगतात. संसर्ग नसताना हे घडत होते. याचा वरील ग्राहींशी काही संबंध आहे का? शिवाय ‘इम्युनिटी बूस्टर’ घेतल्याने हे ग्राही बळकट होतात का, असेही मुले विचारतात. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : तेलभिंग

सर, आपल्या विद्यार्थिनीचे गणित चुकलेले नाही. प्रतिजैविके येण्यापूर्वीच्या काळात न्यूमोकोकस या जीवाणूच्या न्यूमोनियाचा रुग्ण आठवडाभर तापाने फणफणलेला असे, आणि मग एके दिवशी दरदरून घाम फुटून काही तासांत ताप उतरे. त्या काळचे डॉक्टर या घडीची वाट पाहत बसत. जीवाणूच्या आवरणाविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात पुरेशी जमण्याचा काळही साधारण तोच. म्हणजे जे रुग्ण त्या घडीपर्यंत पोहोचत, त्यांनी मधले दिवस जन्मजात प्रतिकारशक्तीच्या बळावर काढलेले असत. न पोहोचणारेही पुष्कळ असत, त्यामुळे या व्यवस्थेला अजिंक्य मानण्याचे कारण नाही.

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून रोज दिसणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात करते. थुंकीच्या नमुन्यातील पिवळसर घट्ट भाग निवडून काचपट्टीवर पसरवला, ग्रॅम पद्धतीने रंगवला आणि भिंगाखाली धरला, की न्यूमोकोकसच्या रुग्णात जांभळ्या रंगाच्या, बाहेरच्या टोकाला किंचित निमुळत्या झालेल्या गोलाणूंच्या जोड्या दिसतात. अनेकदा जोडीभोवती न रंगलेले फिकट वलय असते, ते त्यांचे शर्करेचे आवरण. आणि या जोड्यांच्या भोवती खंडित केंद्रकांच्या गुलाबी न्यूट्रोफिल पेशी (रक्तातील एक प्रकारच्या भक्षक पेशी) अक्षरशः खच्चून भरलेल्या असतात. नमुना चांगला असेल तर कमी शक्तीच्या भिंगातून एका दृष्टिक्षेत्रात पंचवीसहून अधिक मोजता येतात. निरोगी वायुकोशात, म्हणजे फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशवीत, न्यूट्रोफिल जवळजवळ नसतातच. तेव्हा इतक्या पेशींना रक्तातून येथे कोणी बोलावले, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर म्हणजे हे ग्राही.

न पाहिलेला जीवाणू कसा ओळखला जातो, याची तर्कशुद्ध मांडणी चार्ल्स जेनवे यांनी १९८९ साली केली. त्यांचे म्हणणे असे की, जन्मजात प्रतिकारशक्ती एकेका जीवाणूला ओळखतच नाही; ती ओळखते ते जीवाणूंच्या मोठमोठ्या गटांना समान असलेले आणि आपल्या पेशींत नसलेले रासायनिक नमुने. वीण पाहून चादर सोलापुरी आहे की नाही हे सांगणारा माणूस ती कोणत्या मागावर विणली हे विचारत बसत नाही, तसेच हे आहे. पेशीभित्तिकेतील पेप्टिडोग्लायकन, ग्रॅम-ऋण (ग्रॅमचा जांभळा रंग न धरणाऱ्या) जीवाणूंच्या बाह्यपटलातील लायपोपॉलिसॅकराइड, कशाभिकेतील (पोहण्याच्या शेपटीतील) फ्लॅजेलिन, हे घटक जीवाणूला सहजासहजी टाकून देता येत नाहीत, कारण त्यांच्याविना त्याचे जगणे किंवा हालचाल अवघड होते. म्हणून ते ओळखणारे ग्राही पिढ्यान्‌पिढ्या आपल्या जनुकांत टिकून आहेत आणि बाळ ते जन्मतःच घेऊन येते.

माणसात टोल-सदृश ग्राहींचे (इंग्रजी लघुरूप टीएलआर) दहा प्रकार आहेत. जीवाणूजन्य न्यूमोनियाच्या दृष्टीने त्यांतील चार महत्त्वाचे. टीएलआर-२ हा टीएलआर-१ किंवा टीएलआर-६ यांच्याशी जोडी करून जीवाणूंची लायपोप्रथिने ओळखतो, आणि न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस यांसारख्या ग्रॅम-धन जीवाणूंच्या बाबतीत त्याचे काम मोठे आहे. टीएलआर-४ लायपोपॉलिसॅकराइड ओळखतो. क्लेब्सिएला, हिमोफिलस, स्यूडोमोनस हे त्याच्या टप्प्यात येतात. टीएलआर-५ फ्लॅजेलिन ओळखतो, तर टीएलआर-९ पेशीच्या पृष्ठभागावर न राहता गिळलेल्या मालाच्या पिशवीत असतो आणि तेथे फुटलेल्या जीवाणूचा डीएनए ओळखतो. येथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ साली बर्लिनमध्ये आपली रंगपद्धती शोधली, ती न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांच्या कापांत जीवाणू दिसावेत म्हणून. त्या रंगाने जीवाणूंचे जे दोन गट पडले, ढोबळमानाने तोच भेद टीएलआर-२ आणि टीएलआर-४ कोट्यवधी वर्षे करत आले आहेत.

आता वायुकोशात काय घडते ते पाहू. तेथे कायम मुक्कामाला असते ती महाभक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज. थोडेच जीवाणू आले तर ती त्यांना गिळून टाकते आणि बाहेर कोणाला पत्ताही लागत नाही. संख्या तिच्या आवाक्याबाहेर गेली, की ग्राहींकडून आलेला संदेश निर्णायक ठरतो. मायडी-८८ नावाचे जोडप्रथिन ग्राहीच्या आतल्या टोकाला चिकटते, आयरॅक-४ हे विकर कामाला लागते, आणि त्या साखळीच्या शेवटी एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन केंद्रकात शिरून दाहकारी प्रथिनांची जनुके सुरू करते. टीएनएफ, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ ही प्रथिने बाहेर पडतात. वायुकोशाच्या अस्तरपेशीही इंटरल्युकिन-८ सोडतात. केशवाहिन्यांची आतली बाजू चिकट होते, आणि काही तासांत न्यूट्रोफिल रक्तातून वायुकोशात उतरू लागतात. इंटरल्युकिन-६ यकृतापर्यंत पोहोचले की रक्तातील सीआरपी हे प्रथिन वाढते. कोविडच्या काळात घराघरांत माहीत झालेली ही सीआरपी १९३० साली सापडली ती न्यूमोनियाच्याच रुग्णांच्या रक्तद्रवात, कारण ती न्यूमोकोकसच्या भित्तिकेतील एका शर्करेला चिकटत होती. म्हणजे आपण जिला केवळ ‘रिपोर्टमधला आकडा’ समजतो, ती स्वतःच जीवाणू ओळखणारा, रक्तात विरघळलेला एक ग्राही आहे, आणि जीवाणूला चिकटून ती पूरक प्रथिनांना (जीवाणू मारण्यास मदत करणाऱ्या रक्तातील प्रथिनांना) जागे करते. फुप्फुसातील सर्फॅक्टंटमधील (वायुकोशांच्या आतील पातळ लेपातील) ए आणि डी ही प्रथिनेही याच जातीची. ती जीवाणूंच्या शर्करांना चिकटून त्यांचे गोळे बांधतात आणि महाभक्षक पेशीचे काम सोपे करतात.

पेशीच्या आतही पहारा असतो. नॉड-१ आणि नॉड-२ हे ग्राही पेप्टिडोग्लायकनचे तुकडे ओळखतात. न्यूमोकोकस न्यूमोलायसिन हे विष सोडून पेशीपटलाला भोके पाडतो, तेव्हा एनएलआरपी-३ नावाची यंत्रणा ती हानी ओळखून इंटरल्युकिन-१ला सक्रिय करते. येथे जीवाणू नव्हे, तर त्याने केलेली तोडफोड ओळखली जाते, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

रोज ताप का येत नाही, या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दोन्ही फुप्फुसांत मिळून तीस ते पन्नास कोटी वायुकोश आहेत, दिवसाला दहा हजार लिटरच्या आसपास हवा आत-बाहेर होते, आणि हवा व रक्त यांच्यामधील पडदा मायक्रोमीटरहूनही पातळ असतो. अशा ठिकाणी लहानसहान कारणाने दाह झाला तर जीवाणूपेक्षा दाहानेच श्वास कोंडेल. म्हणून वायुकोशातील महाभक्षक पेशीला मुद्दाम शांत ठेवलेले असते: शेजारच्या अस्तरपेशी आणि सर्फॅक्टंटमधील प्रथिने तिला आवरणारे संदेश सतत देत असतात, आणि तिला उठवायला रक्तातील पेशींपेक्षा मोठा धक्का लागतो. ग्राही असणे जितके आवश्यक, तितकेच त्यांचे बहुतेक वेळ गप्प राहणेही.

उत्तर २ : निवृत्त_कार्डिंग

सरांच्या विद्यार्थ्याच्या आजोबांनी सांगितलेले शंभर टक्के खरे आहे. मी सोलापुरातीलच एका गिरणीत कार्डिंग खात्यात उमेदीची वर्षे काढली. गाठी फोडून रुई ब्लो रूममध्ये झोडली जाते, तेथून ती कार्डिंगला येते, आणि तारांच्या दात्यांतून विंचरली जाऊन तिचा पेळू बाहेर पडतो. दात्यांत अडकलेला कचरा वेळोवेळी काढावा लागे, आणि त्या वेळी उठणारी धूळ पांढरी नसते, करडी-तपकिरी असते. तिच्यात पानाचा चुरा, बोंडाच्या सालींचे कण आणि माती असते. पाळी संपेपर्यंत भुवयांवर आणि कानांच्या पाळीवर तिचा थर बसलेला असे. तोंडाला उपरणे बांधायचो, पण श्वास घेताना ते तोंडात जाई म्हणून खाली सरकवायचो. मुकादम गुळाचा खडा देत असत. त्याने घशाला बरे वाटे, छातीला नाही.

सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला दुपारनंतर छातीवर पाटा ठेवल्यासारखे होई. नवीन लागलेल्या पोरांना तर पहिल्या आठवड्यात हुडहुडी भरून ताप येई. जुने लोक म्हणत, ‘कापूस अंगाला लागला, चार दिवसांत उतरेल’, आणि तो उतरे. साळखात्यातील (विणकाम खात्यातील) लोकांना असा त्रास फार कमी होता. त्यांचे कान जात. हे सगळे आम्ही रुईचे तंतू छातीत गेल्यामुळे होते असे समजत होतो. तसे आहे का, हे डॉक्टर मंडळींनी सांगावे.

उत्तर ३ : श्वसन_ओपीडी

काका, आपण धुळीच्या रंगाविषयी लिहिलेत, त्यातच निम्मे उत्तर आहे. मूळ दोषी तंतू नसून त्या करड्या कचऱ्यावर वाढलेले जीवाणू आहेत. कपाशीच्या झाडावर, विशेषतः बोंडाच्या देठापाशी असलेल्या पानांवर, ग्रॅम-ऋण जीवाणूंची वस्ती असते. वेचणीनंतर ते मरतात, परंतु त्यांच्या बाह्यपटलातील लायपोपॉलिसॅकराइड, ज्याला एंडोटॉक्सिन म्हणतात, ते कोरड्या धुळीतही टिकून राहते. वर तेलभिंग यांनी सांगितलेला टीएलआर-४ जिवंत आणि मेलेला जीवाणू यांत फरक करू शकत नाही. त्याला नमुना दिसला की पुरे. अमेरिकेत निरोगी स्वयंसेवकांना प्रायोगिक कार्डिंग खोलीत बसवून केलेले, १९८७ साली प्रसिद्ध झालेले संशोधन या बाबतीत निर्णायक मानले जाते: त्यांच्या श्वासक्षमतेत झालेली घट हवेतील धुळीच्या वजनाशी जुळली नाही, ती धुळीतील एंडोटॉक्सिनच्या प्रमाणाशी जुळली. सूत कातून विणकामापर्यंत पोहोचेतो बराचसा कचरा निघून गेलेला असतो, म्हणून साळखात्यात हा त्रास कमी. या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. ज्वारीच्या मळणीनंतर संध्याकाळी काही जणांना कणकण येते, त्यामागेही धान्याच्या धुळीतील एंडोटॉक्सिनचा वाटा असतो. आपल्या मंगळवेढ्याकडच्या रुग्णांना मी ते विचारतोच.

‘चार दिवसांत उतरेल’ या निरीक्षणालाही शास्त्रीय आधार आहे. पॉल बीसन यांनी १९४०च्या दशकात सशांना टायफॉइडच्या जीवाणूंपासून केलेली लस रोज टोचली, तेव्हा पहिल्या दिवशी आलेला ताप पुढच्या दिवसांत कमी-कमी होत गेला. लायपोपॉलिसॅकराइडला एकदा जोरदार प्रतिसाद दिल्यावर महाभक्षक पेशी काही दिवस स्वतःची संवेदनक्षमता घटवते: संदेशाच्या साखळीत अडथळे उभे राहतात आणि दाहकारी जनुके काही काळ बंद ठेवली जातात. सुट्टीत धूळ थांबली की ही सहनशीलता ओसरते, आणि पहिल्या पाळीला पुन्हा तोच झटका बसतो. बिसिनोसिसमध्ये हिस्टामिनसारख्या इतर गोष्टींचाही सहभाग असतो, त्यामुळे सगळे खापर एका ग्राहीवर फोडू नये. परंतु आठवड्याचा हा चढउतार त्याच्याशी बराच जुळतो.

मात्र या सहनशीलतेला फायदा समजणे धोक्याचे आहे. वर्षानुवर्षे वारंवार दाह झाल्याने श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, आणि मग छाती सुट्टीच्या दिवशीही मोकळी होत नाही. याउलट, जो ग्राही त्रास देतो तो नसलेलाच बरा, असेही म्हणता येत नाही. सी३एच/एचईजे नावाची उंदरांची एक जात आहे. तिला लायपोपॉलिसॅकराइडची मोठी मात्रा टोचली तरी काही होत नाही, पण ग्रॅम-ऋण जीवाणूंच्या संसर्गाला ती सहज बळी पडते. तिच्यात टीएलआर-४चे जनुक एका जागी बिघडलेले आहे, हे ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने १९९८ साली दाखवले. त्याआधी दोन वर्षे ज्यूल हॉफमन यांच्या गटाने फळमाशीत टोल जनुक बुरशीपासून रक्षण करते हे दाखवले होते. २०११ सालच्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये या दोघांचा वाटा होता.

माणसांतील पुरावा अधिक बोलका आहे. काही थोड्या बालकांत आयरॅक-४ किंवा मायडी-८८ जन्मतःच निकामी असते. पहिला दोष २००३ साली व दुसरा २००८ साली ओळखला गेला. या मुलांना न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस आणि स्यूडोमोनस यांचे जीवघेणे संसर्ग होतात, जीवाणू रक्तात व मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतात, आणि तरीही सुरुवातीला ताप बेताचाच असतो व सीआरपी उशिरा वाढते, कारण तापाचा आणि सीआरपीचा संदेश देणारी साखळीच तुटलेली असते. बहुतेक इतर रोगजंतूंना मात्र ती चांगली तोंड देतात. त्याहून विलक्षण म्हणजे, जी जगतात त्यांच्यात किशोरवयानंतर हे गंभीर संसर्ग जवळजवळ थांबतात. तोपर्यंत प्रतिपिंडांची आणि स्मृतिपेशींची शिदोरी पुरेशी जमलेली असते. आपल्या विद्यार्थिनीला हे उदाहरण द्यावे. प्रतिपिंडे येईपर्यंत काम कोणाचे, याचे उत्तर निसर्गानेच येथे लिहून ठेवले आहे.

आता ‘बूस्टर’. ज्या व्यवस्थेचे कौशल्य प्रमाण सांभाळण्यात आहे, तिला सरसकट ‘वाढवणे’ हे उद्दिष्टच मुळात चुकीचे आहे. तीव्र न्यूमोनियात अतिदक्षता विभागात पोहोचलेल्या रुग्णाची फुप्फुसे अनेकदा जीवाणूंइतकीच न्यूट्रोफिलच्या विकरांनी आणि गळणाऱ्या केशवाहिन्यांनी निकामी होत असतात. मग उलट दिशेने, टीएलआर-४ बंद करून पाहू, असेही झाले. एरिटोरन नावाचे औषध त्यासाठीच बनवले गेले, आणि गंभीर सेप्सिसच्या (संसर्गाला शरीरभर उसळलेल्या घातक प्रतिसादाच्या) रुग्णांवरील मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला: मृत्यू कमी झाले नाहीत. रुग्ण दाखल होईपर्यंत साखळीचा पुढचा भाग सुरू झालेला असतो, हे त्याचे एक कारण मानले जाते. दुकानातील बाटली त्या ग्राहींना बळकट करील, ही कल्पना त्यामुळे मला तरी पटत नाही.

पूर्वभाग_जीवशास्त्र

तेलभिंग मॅडम, डॉक्टरसाहेब आणि काका, तिघांचेही मनापासून आभार. ब्लो रूमचा भाग वर्गात वाचून दाखवण्याची परवानगी असावी. दोन शंका उरतात. जर हे नमुने जीवाणूला टाकता येत नाहीत, तर जीवाणू एवढे यशस्वी कसे होतात? आणि फ्लू झाल्यानंतर आठवडाभराने न्यूमोनिया होतो असे ऐकतो, तेव्हा हे ग्राही कोठे असतात?

उत्तर ४ : तेलभिंग

टाकता येत नाहीत, पण झाकता येतात आणि बदलता येतात. न्यूमोकोकस व क्लेब्सिएला यांचे जाड आवरण भित्तिकेला झाकून टाकते. मी वर लिहिलेले फिकट वलय म्हणजे हीच युक्ती. क्लेब्सिएलाच्या वसाहती काचेच्या ताटलीवर इतक्या बुळबुळीत वाढतात की सुईने उचलताना तार सुटते. स्यूडोमोनस जुनाट संसर्गात स्थिरावला की बहुधा कशाभिका बनवणेच सोडून देतो, आणि टीएलआर-५ला दिसण्याजोगे काही उरत नाही. सर्वांत धूर्त प्लेगचा जीवाणू. पिसवेच्या शरीरातील कमी तापमानात तो लायपोपॉलिसॅकराइडचा जो मेदभाग बनवतो, तो टीएलआर-४ला सहज ओळखू येतो. माणसाच्या ३७ अंशांच्या उबेत मात्र तो त्या भागातील मेदाम्लांच्या साखळ्या सहावरून चारवर आणतो, आणि तसा नमुना मानवी टीएलआर-४ला नीट जुळत नाही. १८९६ साली मुंबईत सुरू होऊन सगळ्या इलाख्यात पसरलेल्या साथीतील मृत्यूंमागे अनेक कारणे होती, परंतु पहिले काही तास शरीराला सुगावाच न लागणे हे त्या रोगाच्या घातकपणाचे एक मोठे कारण आहे. संशोधकांनी सहा साखळ्यांचे लायपोपॉलिसॅकराइड बनवत राहणारा प्लेगचा जीवाणू तयार केला, तेव्हा उंदरांना तो मारू शकला नाही.

आणखी एक गोष्ट. उंदरात एकटा टीएलआर-२ काढून टाकला तरी न्यूमोकोकसविरुद्धचा बचाव बराचसा टिकतो, कारण इतर ग्राही ती उणीव भरून काढतात. मायडी-८८ काढले की मात्र तो कोसळतो, कारण बहुतेक टोल-सदृश ग्राहींचे संदेश तेथूनच पुढे जातात. एकाच जीवाणूचे चार-पाच नमुने निरनिराळ्या जागी ओळखण्याचा उपयोग हाच आहे. त्याने एक झाकला, तरी तो फुटल्यावर डीएनए उघडा पडतोच.

फ्लूविषयी: विषाणू अस्तरपेशी सोलून काढतो, महाभक्षक पेशींची संख्या व भूक घटवतो, आणि संसर्ग ओसरल्यावरही त्या पेशींचा जीवाणूंच्या नमुन्यांना मिळणारा प्रतिसाद काही काळ मंद राहतो. १९१८च्या साथीतील बहुतेक मृत्यू विषाणूनंतर आलेल्या जीवाणूजन्य न्यूमोनियाने झाले, हे त्या वेळी जपून ठेवलेल्या फुप्फुसांच्या कापांची नव्याने तपासणी करून दाखवले गेले आहे.

वाचून दाखवायला माझी हरकत नाही. महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक असेल तर कायमस्वरूपी काचपट्ट्या देता येतील.

उत्तर ५ : निवृत्त_कार्डिंग

अवश्य वाचून दाखवावे. तंतू नव्हे, तर मेलेल्या जीवाणूंचा अंश, हे या वयात कळले. आमच्या वेळच्या दोघा-तिघांना अजूनही जिना चढताना दम लागतो. डॉक्टर, आता काही करता येते का?

उत्तर ६ : श्वसन_ओपीडी

काका, त्यांना एकदा स्पायरोमेट्री करून घ्यायला सांगा. नळीत जोराने फुंकण्याची ती साधी तपासणी आहे, आणि श्वासनलिका किती अरुंद झाल्या आहेत व औषधाने त्यांपैकी किती मोकळ्या होतात, हे तिच्यावरून कळते. झालेली हानी पूर्ण भरून येत नाही, परंतु इनहेलरने दम बऱ्याच जणांचा कमी होतो. विडी ओढत असतील तर ती थांबवणे औषधाइतकेच महत्त्वाचे, कारण धुरामुळे महाभक्षक पेशींची गिळण्याची क्षमता घटते आणि श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांची हालचाल मंदावते. अशा फुप्फुसांना न्यूमोकोकसची आणि दरवर्षी फ्लूची लस द्यावी, असे मी सुचवतो. लहान मुलांसाठी न्यूमोकोकसची लस २०२१पासून देशभरातील सरकारी लसीकरणात आहे. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन मात्रा मोफत मिळतात.

सर, आपल्या विद्यार्थ्यांना लसींच्या अंगाने आणखी एक दुवा देता येईल. शुद्ध केलेले प्रथिन किंवा मारलेला विषाणू नुसता टोचला तर प्रतिसाद अनेकदा दुबळा असतो, कारण जन्मजात ग्राहींना त्यात दखल घेण्याजोगे फारसे काही सापडत नाही. म्हणून लशीत सहायक घटक मिसळतात. आपल्याकडे दिलेल्या कोव्हॅक्सिनमध्ये तुरटीच्या जातीच्या क्षारावर टीएलआर-७ व टीएलआर-८ यांना जागवणारा रेणू बसवलेला आहे, आणि नागिणीवरील नव्या लशीत टीएलआर-४साठी सौम्य केलेला लायपोपॉलिसॅकराइडचा मेदभाग वापरला आहे. ग्राहीला मोजून-मापून, एका जागी आणि थोडा वेळ जागे करण्याचा सिद्ध झालेला मार्ग तो हा.

आणि गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, थंडीत, कोणत्याही वृद्धाला ताप नसतानाही अचानक गोंधळल्यासारखे होऊ लागले, जेवण सुटले किंवा मिनिटाला तीसच्या आसपास श्वास पडू लागले, तर ताप नाही म्हणून थांबू नये. वाढत्या वयात ही संदेशसाखळी मंद झालेली असते, आणि न्यूमोनिया बराच पसरेपर्यंत थर्मामीटर काही सांगत नाही. त्याच दिवशी छातीचा एक्स-रे आणि ऑक्सिजनची पातळी पाहून घ्यावी.